नवी मुख्याध्यापिका, पडती शाळा आणि 'लीडरशिप कोचिंग': कुणाला अनुभव?

परिपाठ | २८ जून, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. आठ-नऊ वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची. दिंडोरी तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत चोवीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि १ जूनपासून तिथलीच मुख्याध्यापिका झालेय. (आधीचे सर ३१ मेला निवृत्त झाले. आमच्या वरच्या पिढीतल्या निम्म्या शिक्षकांचा जन्म १ जूनचाच कसा, हे ज्यांना कळायचं त्यांना कळेल.) सेवाज्येष्ठता यादीत पुढचं नाव माझं होतं, एवढीच माझी पात्रता. मेच्या सुट्टीआधी मी न्यूटनचे नियम शिकवत होते, १ जूनला चाव्यांचा जुडगा हातात आला. त्या सुट्टीत मला कुणी काही शिकवलं नाही.

शाळा पाचवी ते दहावी. मी लागले तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या, आता दोन आहेत आणि यंदा पाचवीची एकच कशीबशी भरली. सकाळी फाट्यावरून इंग्रजी शाळांच्या सात पिवळ्या बस जातात, मी उभी राहून मोजल्यात. नववीत अशी मुलं आहेत ज्यांना मराठीचा धडा बोट ठेवूनही वाचता येत नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, कोण अतिरिक्त ठरणार या धाकाने स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांकडे 'तू का मी' अशा नजरेने बघतात.

गेल्या रविवारी संस्थेच्या एका संचालकांनी एक माहितीपत्रक पाठवलं. 'नवनियुक्त मुख्याध्यापकांसाठी लीडरशिप कोचिंग'. सहा महिने, बारा सत्रं, निम्मी ऑनलाइन. फी निम्मी संस्था भरेल, निम्मी मी भरायची. दर दोन महिन्यांनी कोच माझ्या प्रगतीचा अहवाल संस्थेला देईल म्हणे.

तर प्रश्न असा, की या कोचिंगने खरंच काही होतं का, की हे नेहमीचंच प्रशिक्षण नव्या वेष्टनात? आणि ज्यांनी पडती शाळा उचललेली पाहिली आहे त्यांनी सांगा, पहिल्या वर्षी कशाला हात घालू आणि कशाला नको?

---

चहाटळ चिवडा | २८ जून, रात्री ११:०२

शीर्षकात 'कोचिंग' वाचून वाटलं कॉलेज रोडच्या क्लासेसची चर्चा. बारावीच्या पोरांचे क्लास, आता हेडमास्तरांचे पण क्लास! होर्डिंग कधी लागणार? 'आमच्या मार्गदर्शनाखाली दिंडोरीत प्रथम' आणि खाली ताईंचा गॉगलवाला फोटो.

बाकी अभिनंदन हो.

---

निवृत्त घंटा | २९ जून, पहाटे ५:३८

ताई, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही स्वीकारा.

मी निफाड तालुक्यात अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो. कोचचं नंतर बघू. आधी सांगा, चार्ज मोजून घेतलात का? मी घेतला नव्हता. आधीचे साहेब म्हणाले, "कर रे सही, आपलीच शाळा आहे." चार महिन्यांनी तपासणी आली. डेडस्टॉक, म्हणजे सामानाच्या रजिस्टरला बाकं साठ, खोल्यांमध्ये सेहेचाळीस. चौदा बाकं एका लग्नात पंगतीला गेली ती परतलीच नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक, मला सोडून. जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक आणि खिचडीचा तांदूळ, या चार गोष्टी स्वतः बघा. तांदूळ वजन करून घ्या, गोण्या मोजून नव्हे.

आता कोचिंगचं. तेव्हा हा शब्द नव्हता, पण मला कोच होता. पिंपळगावच्या पलीकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या तासभर आधी लूनावरून यायचे. ऑफिसात टेकायचेच नाहीत. "चल, तुझी शाळा दाखव." दर महिन्याला तीच शाळा काय दाखवायची? पण फिरायचे. एकदा सातवीच्या दाराबाहेर थांबले. "आत काय चाललंय?" मी म्हटलं, "गणित." म्हणाले, "ते फळ्यावर. मागच्या दोन रांगांत काय चाललंय?" बघतो तर मागच्या रांगेतला एक पोरगा बाकावर कोरलेल्या नावात पेनने शाई भरत होता, अगदी मन लावून. शेजारच्याच्या वहीवर तारीख होती दोन दिवसांपूर्वीची. गणित चालू होतं ते पहिल्या तीन रांगांसाठी. आणि मी रोज त्याच दारावरून जात होतो.

निघताना एकच विचारायचे, "पुढच्या खेपेला येईन तेव्हा काय झालेलं असेल?" पुढच्या खेपेला लूना स्टँडला लावता लावता तोच प्रश्न. थाप मारायची सोय नव्हती, कारण चहाच्या आधी बघायला जायचे.

फी म्हणाल तर दोन कप चहा आणि सीझनला द्राक्षाची एक पेटी.

---

परिपाठ | २९ जून, सकाळी ६:५०

@निवृत्त घंटा सर, चार्ज लिस्टवर मी सही केली आहे. मोजलं नाही. आज जाऊन मोजते. 😐

---

चहाटळ चिवडा | २९ जून, सकाळी ९:१५

ताई, गावात नुकतंच कुणाचं लग्न झालंय का ते आधी विचारा.

---

टपाल आवक | २९ जून, दुपारी १:२०

मी एका शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. मुख्याध्यापकाला कोच नको, कारकून हवा. कित्येक शाळांत लिपिकाचं पद रिकामं आहे. मग युडायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, कोण भरणार? सरल? शालार्थमधली पगारबिलं? शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळत नाही त्यांच्या दुरुस्त्या? हेडमास्तर आणि एखादा तरुण शिक्षक. तो तरुण शिक्षक वर्गातला सगळ्यात चांगला शिकवणारा असतो, म्हणूनच त्याला संगणक येतो, म्हणूनच तो वर्गात नसतो.

आजचा आमच्या गटावरचा निरोप चिकटवतो: 'अत्यंत तातडीचे. सोबतच्या नमुन्यात माहिती आज दुपारी २ पर्यंत न पाठवल्यास सर्वस्वी जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.' निरोप आला १२:४० ला. हीच माहिती आम्ही मार्चमध्ये दिली आहे.

आता कोच येऊन विचारणार, 'तुमचं व्हिजन काय?' दुपारचे दोन, हे आमचं व्हिजन.

---

सह्याद्रीचा कडा | २९ जून, दुपारी १:४१

@टपाल आवक +१. शेवटची ओळ फ्रेम करून लावतो.

---

पुण्याचा प्रशिक्षक | २९ जून, रात्री ८:३०

मी व्यवसायाने कोच आहे. मुख्यतः कंपन्यांमध्ये, अलीकडे तीन-चार शाळांसोबतही. जाहिरात करत नाही, पण थोडा गोंधळ दूर करतो.

प्रशिक्षणात पन्नास जणांना एकच गोष्ट सांगितली जाते. मार्गदर्शक त्याच वाटेने आधी गेलेला असतो, तो सांगतो 'मी असं केलं'. कोच शक्यतो सांगत नाही, विचारतो. काय साधायचंय, आत्ता नेमकं कुठे आहात, कोणकोणत्या वाटा आहेत आणि यातलं काय, कधी करणार. माणूस स्वतः ज्या निर्णयापर्यंत येतो तो तो पाळतो, दुसऱ्याने दिलेला फाइलला लावतो.

निवृत्त घंटा सरांचे लूनावाले सर दोन्ही होते, मार्गदर्शकही आणि कोचही. असा माणूस मिळाला तर माझ्यासारख्याची गरज नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

---

खडू संपला | २९ जून, रात्री ९:०५

@पुण्याचा प्रशिक्षक, राग मानू नका. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, पाऊस आला की सहावी 'अ' व्हरांड्यात बसते, गणिताचं पद तीन वर्षं रिकामं. तिथे 'तुम्हाला काय वाटतं, कोणत्या वाटा आहेत?' असं विचारलं तर मुख्याध्यापक म्हणेल, एक वाट स्टँडकडे जाते.

अशी सत्रं मी केली आहेत. हॉटेलात. डोळे मिटून आपली आदर्श शाळा बघायची होती. मला दिसली, पण त्यात मी नव्हतो, मी निवृत्त झालो होतो.

---

पुण्याचा प्रशिक्षक | २९ जून, रात्री ९:२२

😀 दाराचं मान्य. दाराला सुतार लागतो, कोच नाही. पण दार नाही हे सगळ्यांना तीन वर्षं दिसत असताना ते कुणी, कुणाकडे, कितीदा मागितलं, हा प्रश्न सुताराचा नाही.

---

आकडेमोड | ३० जून, सकाळी ११:१०

धागा छान चाललाय, थोडी कोरडी माहिती टाकतो.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनला रोलँड फ्रायर या अर्थतज्ज्ञाने सरकारी शाळांत प्रयोग केला. कोणत्या शाळांना कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं, म्हणजे 'चांगल्याच शाळा निवडल्या' अशी शंका नको. मुख्याध्यापकांना दोन वर्षांत ३०० तास प्रशिक्षण. विषय तीनच: पाठाचं नियोजन, चाचण्यांचे आकडे वाचून शिकवणं बदलणं आणि वर्गात बसून शिक्षकाला सुधारायला मदत करणं. पहिल्या वर्षी सगळ्या विषयांत मुलांची संपादणूक वाढली. दुसऱ्या वर्षी म्हणावा असा परिणाम दिसला नाही. त्याचं म्हणणं, मधल्या काळात मुख्याध्यापकच बदलले. शिकलेला माणूस गेला, शिकलेलं त्याच्याबरोबर गेलं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, मध्य प्रदेशातलं. तिथे शाळांचं मूल्यमापन, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा आणि मग अधिकाऱ्यांच्या पाठपुरावा भेटी असा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो हजारो शाळांत तपासला. आराखडे तयार झाले, बहुतेक ठिकाणी नीट झाले. शिकवण्यात फरक शून्य, मुलांच्या शिकण्यात फरक शून्य. तरीही कार्यक्रम यशस्वी म्हणून गाजला आणि तसाच नमुना देशभर सहा लाखांहून जास्त शाळांत गेला.

म्हणजे कोचिंग चालतं की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे. ते वर्गापर्यंत पोहोचतं की फाइलपर्यंत, हे बघायचं.

ताई, तुमच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत? आपल्याकडे शिक्षक ५८ ला निवृत्त होतो आणि मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेने मिळतं. कित्येकांना दोन-तीन वर्षंच मिळतात. ह्यूस्टनचा रोग आपण नियमातच लिहून ठेवलाय.

---

परिपाठ | ३० जून, सायंकाळी ७:३५

सहा वर्षं आहेत. आधीच्या सरांना दीड मिळालं, त्यांच्या आधीच्या बाईंना अकरा महिने.

आणि हो, बाकं मोजली. रजिस्टरपेक्षा तीन जास्त आहेत. आता ती कुणाची?

---

चहाटळ चिवडा | ३० जून, सायंकाळी ७:३८

निवृत्त घंटा सरांची. चौदापैकी तीन सापडली, अकरा राहिली.

---

केंद्रातला एक | १ जुलै, रात्री १०:१५

मी केंद्रप्रमुख आहे. जिल्हा कुठला ते नका विचारू.

कागदावर माझं काम काय? केंद्रातल्या शाळांना भेटी देणं, वर्गात बसणं, शिक्षकांना शैक्षणिक मदत करणं. म्हणजे सरकारी पगारावरचा कोचच. प्रत्यक्षात मी पोस्टमन आहे. वरून आलेलं खाली, खालून आलेलं वर. चौदा शाळा. ज्या दिवशी पूर्ण तास वर्गात बसतो त्या दिवशी फोनवर अकरा मिस्ड कॉल असतात.

धोरणात काही कमी नाही. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र २०१२ पासून आहे, आपल्या राज्यात त्यासाठी मिपा ही संस्था आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात मुख्याध्यापकांनी दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं स्पष्ट लिहिलंय. पण ५० तास 'पूर्ण केले' याचं प्रमाणपत्र निघतं, बदल झाला याचं कसं काढणार? ऑनलाइन कोर्सचा व्हिडिओ लावून पोळ्या लाटणाऱ्या मुख्याध्यापिका मला माहीत आहेत. त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या खोलीत पोरांचा अभ्यासही त्याच घेत असतात.

दुसरी अडचण नाजूक आहे. एका नव्या मुख्याध्यापकाने मला एकदा खरं सांगितलं, "सर, मला दोन शिक्षकांची भीती वाटते, मी त्यांच्या वर्गात जातच नाही." पुढच्या महिन्यात त्याच शाळेच्या भेटीचा अहवाल मलाच लिहायचा होता. मी ते लिहिलं नाही. पण त्याला रात्रभर झोप आली नसेल, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर दिसलं. ज्याच्या हातात शेरेबुक असतं त्याच्याजवळ माणूस मन मोकळं करत नाही.

म्हणून ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक ओळ मला तेव्हापासून टोचतेय. कोच संस्थेला अहवाल देणार. तुमचा गोपनीय अहवाल कोण लिहितं? संस्था. मग हा कोच तुमचा की त्यांचा?

---

आकडेमोड | १ जुलै, रात्री १०:३१

नेमकं. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

---

पुण्याचा प्रशिक्षक | १ जुलै, रात्री १०:५०

केंद्रातला एक यांना दंडवत. आमच्या धंद्यात याला पहिला नियम म्हणतात. पैसे देणाऱ्याला 'सत्रं झाली' एवढंच कळतं, आत काय बोलणं झालं ते नाही. अहवालाचं कलम असेल तर ते काढून घ्या, नाहीतर ती हेरगिरी झाली, तीही निम्मी तुमच्या पैशाने.

---

झुंझुनू रिटर्न | २ जुलै, सकाळी ८:४०

मी गांधी फेलोशिपमध्ये दोन वर्षं राजस्थानात होते. तो कार्यक्रम २००८ साली तिथेच सुरू झाला, फेलोने सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांबरोबर काम करायचं असं त्याचं रूप. वय बावीस. समोर तीस वर्षं नोकरी झालेले हेडमास्तर. मी काय डोंबल कोचिंग करणार?

पहिले तीन महिने ते मला 'बेटी' म्हणत आणि चहा पाजत. मग एके दिवशी प्रार्थनेनंतर मी नुसतं सांगितलं की गेल्या सहा दिवसांत शाळा भरल्यापासून पहिला धडा सुरू होईपर्यंत रोज साधारण पस्तीस मिनिटं गेली. शेरा नाही, सल्ला नाही. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घंटेपाशी स्वतः उभे होते, मनगटातलं घड्याळ काढून हातात धरलेलं.

तेव्हापासून मला वाटतं, बाहेरच्या माणसाचा खरा उपयोग उत्तर देण्यात नाही. आतल्यांना सवयीने जे दिसेनासं झालंय ते दाखवणं, बस.

---

हरसूलकर | २ जुलै, रात्री ९:५५

तुम्ही सगळे 'मुख्याध्यापक' म्हणता तेव्हा डोळ्यासमोर खुर्ची, ऑफिस, शिपाई असतो. आमच्या पट्ट्यात द्विशिक्षकी शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला दीडशेच्या वर पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक. आमचा पट त्रेचाळीस. त्यामुळे मुख्याध्यापक म्हणजे दोघांपैकी ज्याच्याकडे चाव्या तो. मी पहिली-दुसरीला 'क'ची गोष्ट सांगत असतो आणि खिशात फोन वाजतो, तांदळाची माहिती द्या.

आमची शाळा 'पडती' कशाने? दिवाळी झाली की आईबाप निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातात. थिनिंग, डिपिंग, मग काढणी. लहान भावंडं सांभाळायला मोठी पोरगी बरोबर जाते. मार्चला परत येते तेव्हा जोडाक्षरं विसरलेली असते. त्या बागा ताईंच्याच गावाशेजारी असणार. म्हणजे माझी पटावरची पोर तुमच्या फाट्यावर भटकत असते आणि दोघांच्याही हजेरीपत्रकात ती नसते.

यावर कोचने काय करायचं ते मला सांगू नका. पण तुमच्या शेजारच्या बागेतली ती पोर तुम्ही चार महिने बसवून घेतलीत तर मला एक फोन करा. हंगामी स्थलांतरितांना सामावून घेता येतं, नियम आड येत नाही. आड येतो तो 'कशाला लफडं' हा विचार.

---

परिपाठ | २ जुलै, रात्री १०:२०

@हरसूलकर सर, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. खरंच.

---

दोन पोरांची आई | ३ जुलै, दुपारी ३:१०

मी शिक्षक नाही, पालक. सातपूरला राहतो, नवरा अंबडला कंपनीत. मोठा मुलगा सातवीपर्यंत मराठी अनुदानित शाळेत होता, मग काढला. इंग्रजीसाठी काढला असं सगळ्यांना सांगतो. खरं कारण वेगळं. सहामाहीत तो गणितात नापास झाला आणि हे मला जानेवारीत कळलं, तेही प्रगतिपुस्तकावर सही करताना. इंग्रजी शाळेत शिकवतात काही फार वेगळं असं नाही, पण मूल दोन दिवस आलं नाही तर फोन येतो.

पटसंख्या, पटसंख्या म्हणताय सगळे. पट म्हणजे माझा मुलगा हो. त्याचं नाव काढून दाखला घेतला तेव्हा ऑफिसातल्या सरांनी मान वर केली नाही. 'का काढताय?' एवढं विचारलं असतं तर मी कदाचित रडले असते आणि दाखला तिथेच ठेवून आले असते.

---

खडू संपला | ३ जुलै, दुपारी ३:४४

ताई, तुमचं बरोबर आहे, पण एका वर्गात साठ मुलं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं... फोन करायला माणूस कुठला?

---

दोन पोरांची आई | ३ जुलै, दुपारी ३:५१

मान वर करायला माणूस लागत नाही सर.

---

सह्याद्रीचा कडा | ३ जुलै, दुपारी ४:०२

...

---

चहाटळ चिवडा | ३ जुलै, सायंकाळी ६:३०

वातावरण तापलंय. रविवारी नाशिककरांचा मिसळ कट्टा करू या का? हेडमास्तरांना कोच, कोचला मिसळ.

---

टपाल आवक | ३ जुलै, सायंकाळी ६:३३

पापड आणि जिलबी असेल तर येतो. काळा रस्सा असेल तर नक्की येतो. रविवारी 'आजच माहिती पाठवा' आलं तर येत नाही.

*(पुढचे सतरा प्रतिसाद मिसळीवर होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)*

---

परिपाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

धागा वर काढतेय. कट्ट्याला आले होते त्यांना थोडं माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते.

ते पॅकेज घेतलं नाही. अहवालाचं कलम काढा म्हटलं तर संचालक म्हणाले, "मग आम्हाला कळणार कसं?" तिथेच विषय संपला.

पुण्याचा प्रशिक्षक यांनी जुलैत एक तास फोनवर फुकट दिला. त्यांनी फक्त एक गोष्ट करायला सांगितली, दहा दिवस माझा वेळ कुठे जातो ते लिहायचं. दहा शाळेच्या दिवसांत माझे स्वतःचे तास सोडून मी दुसऱ्याच्या वर्गात गेले एकदा. तेही जंतनाशक गोळ्या वाटायला. खडू संपला सर, हसा, पण त्या तासाचा मला उपयोग झाला.

मग ठरवलं, आठवड्यात तीन तास वर्गात. पहिलाच घोटाळा झाला. नववी 'ब', मराठी, शिकवणारे सर माझ्याहून वयाने मोठे, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. शेवटच्या बाकावर बसले. शेजारचा मुलगा पुस्तकावर बोट फिरवत होता. बोट अगदी लयीत चाललं होतं, पान मात्र चुकीचं होतं. मला इतकं वाईट वाटलं की ऑफिसात येऊन लॉगबुकात दोन पानं लिहिली आणि सरांकडे सहीला पाठवली. त्यांनी न वाचता सही केली. पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी शिपायामार्फत बोलत होते.

निवृत्त घंटा सरांना फोन केला. आधी पोटभर हसले, मग म्हणाले, लॉगबुक कपाटात टाका आणि त्यांना तुमच्या वर्गात बोलवा. मी बोलावलं. आठवीचा तास, विषय बल आणि दाब. सर आले, मागे बसले. तास संपल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही प्रश्न विचारता आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देता." चोवीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं! राग आला. घरी येऊन मुलीला विचारलं, ती म्हणाली, "घरी पण तेच करतेस."

त्यानंतर सरांनी स्वतःहून विषय काढला. नववीतल्या एकोणीस मुलांचं वाचन आम्ही दोघांनी एकेकट्याला बसवून तपासलं. अक्षरं, शब्द, परिच्छेद. इयत्ता विसरून त्यांचे गट केले, रोज परिपाठानंतर अर्धा तास. दिवाळीपर्यंत सात जण परिच्छेद वाचायला लागले. आठ शब्दांवर अडकलेत. चार जण शाळेत येत नाहीत. छाटण्या झाल्या, बागांत कामं निघाली, ते तिकडे आहेत. एकाच्या घरी गेले होते, त्याची आई म्हणाली, "बाई, फेब्रुवारीनंतर या." मला पुढे काही सुचलं नाही.

दोन पोरांची आई यांचा प्रतिसाद छापून ऑफिसात माझ्या खुर्चीसमोर लावलाय. दाखला मागायला कुणी आलं की आधी बसायला सांगते. ऑगस्टपासून पाच आले. दोन थांबले, तीन गेले.

हरसूलकर सरांची एक मुलगी बागेच्या वस्तीवर सापडली. चौथीची. आमची शाळा पाचवीपासून, म्हणून गावातल्या जिल्हा परिषद शाळेत बसवलीय. तिथल्या बाईंनी काही विचारलं नाही, फक्त पाटी दिली.

पट यंदा वाढणार नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराचं काम आमच्याकडे झालं.

---

हरसूलकर | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५८

तिच्या बाकाशेजारी एक जागा अजून ठेवायला सांगा. तिची मामेबहीण पण त्याच बागेत आहे, आज कळलं.

---

आकडेमोड | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

मराठीचे सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत म्हणालात. त्या अर्ध्या तासाला आत्तापासूनच दुसरं कुणीतरी त्यांच्याबरोबर बसवा. ह्यूस्टन आठवा.

---

परिपाठ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१४

बसवलंय. इंग्रजीच्या नव्या बाई. पहिले चार दिवस त्या मोबाइलवर युडायस भरत होत्या.

---

निवृत्त घंटा | २४ नोव्हेंबर, पहाटे ५:२०

युडायस तुम्ही भरा, त्यांना वर्गात सोडा. शनिवारी सकाळी येतोय. लूना नाही, एसटीने. ती जादा तीन बाकं कुणाची ते कळलं का?